अधिक महिन्यातली कमान

मे महिन्यात जळगावात शहाणी माणसं माठाला ओलं फडकं गुंडाळतात, कूलरमध्ये वाळा भरतात आणि दुपारी बारा ते पाच दार लावून आडवी होतात. प्रेमराजनं त्याच दिवसांत हॉलमध्ये समुद्र करायला घेतला. आता ह्याला काय म्हणावं! मुंबईचा समुद्र चारशे किलोमीटर लांब, तिथली माणसंसुद्धा तो घरात आणत नाहीत. ह्याला मात्र तो पाहिजे होता, आणि तोही तीन फुटी काचेच्या टाकीत, टीव्हीच्या शेजारी.

बरं, माणूस अडाणी नव्हे. ठिबकच्या नळ्या करणाऱ्या कारखान्यात पाणी तपासणारा साहेब. बारा वर्षं शेतकऱ्यांना घसा कोरडा करून सांगत आला, की भाऊ, पाण्यातला क्षार हा तुमचा दुश्मन, तो नळ्या तुंबवतो. आणि तोच आता फिल्टरचं गोडं पाणी ड्रममध्ये घेऊन त्यात समुद्री मीठ तोलून घालत होता, ढवळत होता, चमच्यानं चाखून बघत होता. उन्हानं पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा लावला होता. तो पंखा म्हणजे त्याच्या बायकोचा, मयुरीचा. ती शाळेत शिक्षिका, सुट्टीत घरी, आणि आता घामाघूम.

पण खरं दुखणं पाण्याचं नव्हतं, दगडांचं होतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगड नुसते शोभेला नसतात. त्यांच्या भोकाभोकांत बारीक जंतू वस्तीला येतात आणि पाण्यातली घाण खातात, मासे त्यांच्या कपारीत लपतात, पुढे पोवळी त्यांच्यावरच चिकटवायची. दगड नीट बसले नाहीत तर पुढचं सगळं ओमफस. प्रेमराजनं मोबाइलवर एका गोऱ्या माणसाला दगडांची सुरेख कमान रचताना पाहिलं होतं. तशीच कमान त्याला पाहिजे होती. मुंबईहून खोक्यातून दगड मागवले, टाकीत पांढरी रेती पसरली, पाणी भरलं, आणि कमान रचली. ती मंगळवारी देवपूजेच्या वेळी धाडकन पडली. पुन्हा रचली. ती शुक्रवारी पाहुण्यांदेखत पडली, आणि काचेला पांढरा ओरखडा गेला.

मयुरीनं त्याला सरळ सुनावलं. "तिसऱ्यांदा पडली ना, तर ही टाकी रिकामी करून मी त्यात वर्षाचे गहू भरणार. काच आहे, कीड लागली तर बाहेरूनच दिसेल."

ती बोलते ते करते, हे प्रेमराजला लग्नाच्या आठ वर्षांत कळलेलं होतं.

ह्या अशा वेळी सासू-सासरे घरी आले. सासऱ्यांच्या, म्हणजे रुपचंद नानांच्या, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. ऑपरेशन झालं, काळा चष्मा लागला, आणि डॉक्टरांनी बजावलं: पंधरा दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी उडू द्यायचं नाही. नाना खुर्चीत बसले. खुर्ची हॉलमध्ये होती, आणि खुर्चीसमोर टाकी होती.

आता नाना कोण, ते सांगायलाच पाहिजे. भडगावच्या बाजूला गिरणा नदीकाठी ज्या जुन्या दगडी विहिरी आहेत ना, त्यातल्या दीडएकशे तरी नानांनी आतून बांधल्या. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. साठ फूट खोल विहिरीच्या तळाला उभं राहून वर बघावं तर भिंत एकसारखी, कुठे पोट नाही. नानांच्या हाताखालच्या गड्यांना एकच नियम होता. हातात घेतलेला दगड परत ढिगात टाकायचा नाही. आधी डोळ्यांनी निवडायचा, मगच उचलायचा, आणि उचलला की त्याला जागा शोधून द्यायची. नियम मोडणाऱ्याची नाना विहिरीच्या तळातून अशी काही पूजा बांधत, की वर बैल कान टवकारत.

असा माणूस पाच फुटांवर बसलेला! प्रेमराजला वाटलं, देवच पावला. त्यानं ओल्या हातांनी विचारलं, "नाना, बघा बरं. ही कमान टिकत का नाही?"

नानांनी टाकीकडे बघितलं. मग हात जोडून ते म्हणाले, "झकास आहे, जवाईबापू."

झकास! हे झकास प्रेमराजच्या डोक्यात गेलेलं होतं. पहिल्या दिवाळसणाला त्यानं सासरवाडीच्या मोरीचा नळ उलटा बसवला आणि पाणी स्वयंपाकघरात शिरलं, तेव्हाही नाना गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले होते, "झकास." त्यानं मोटारसायकल गटारीत घातली, तरी "झकास." जावई म्हणजे देव, त्याला चूक म्हणायचं नाही, हा त्या घरचा कायदा. तेच नाना आपल्या मुलाला, रोहिदासला, साधं कुलूप उलटं लावलं तरी गल्ली गोळा होईल इतकं झापायचे. तेही अस्सल अहिराणीत. जावयाशी मात्र पुस्तकातली शुद्ध मराठी.

आणि खरं सांगायचं तर प्रेमराजला रोहिदासचा हेवा वाटायचा. त्याचे स्वतःचे वडील तो बारावीत असतानाच धुळ्याला वारले. त्यानंतर त्याला साहेबांनी मेमो दिले, बायकोनं धमक्या दिल्या, पण कान धरून "हे असं नाही, असं" म्हणणारं कोणी राहिलं नाही. सासरा मिळाला तो दगडातला माणूस, हात धरून शिकवील असा, आणि तो हात जोडून बसायचा. आठ वर्षं! प्रेमराजला ह्याचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं हे कुणाला सांगायची लाजही वाटायची. ह्या खेपेला त्यानं मनाशी ठरवलं होतं, की नानांकडून एक तरी खरा शब्द काढून घ्यायचाच.

पण वेळ काय निवडली! ऐन अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, तांब्याचं ताट, असं वाण घेऊनच सासूबाई, भिकुबाई, मुलीकडे आल्या होत्या. नवऱ्याचा डोळा हे त्यांच्या लेखी जोडीला निघालेलं काम. त्या कायद्याच्या पक्क्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर भिकुबाई ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घालत होत्या आणि नाना त्यांच्यापाशी मन मोकळं करत होते. प्रेमराज जिन्यात थबकला.

"वर धोंडा आन खाले रेती! पडी नही त काय करी ते?" नाना तळमळून म्हणत होते. "आन एकेक दगड दहा दहा डाव उचलस, परत ठेवस. माले देखवत नही वं!"

"देखू नका मंग," भिकुबाई म्हणाल्या. "जवाईले कोनी चूक सांगस का? त्यामा अधिक महिना शे."

प्रेमराज धावत खाली आला. आनंदानं त्याला काही सुचेना. म्हणजे नानांच्या पोटात सगळं आहे तर! फक्त ते ओठावर यायला पाहिजे. त्यानं मयुरीला मधे घातलं. मयुरीनं विचारलं, "नाना, ह्यांच्या कमानीत काही चुकतंय का? मला सांगा, मी त्यांना सांगते." प्रेमराज दोन हात अंतरावर उभा होता, तोंड खिडकीकडे करून, जणू तो त्या घरात नाहीच.

नाना म्हणाले, "जवाईबापूंचं काय चुकणार बाई? रचना सुंदर आहे." आणि मोठ्यानं खाकरले.

त्या खाकरण्यात काहीतरी होतं. प्रेमराजनं ते ऐकून ठेवलं.

दुपारी त्यानं कमानीचे दगड पुन्हा काढले आणि एक उचलून डावीकडे धरला. मागून खाकरणं आलं. उजवीकडे धरला. पुन्हा खाकरणं. आडवा करून रुंद बाजू खाली केली. शांतता. प्रेमराजनं दगड तिथेच ठेवला आणि मागे बघितलं, तर नाना निर्विकार चेहऱ्यानं पंख्याकडे बघत होते.

बस! गुरुकिल्ली सापडली. त्यानंतर जे सुरू झालं ते बघायला तिकीट लावलं असतं तरी हॉल भरला असता. जावई टाकीत कोपरापर्यंत हात घालून दगड फिरवतोय, सासरा खुर्चीत खाकरतोय. बारीक खाकरला तर जरासं चुकलं, दोनदा खाकरला तर साफ चुकलं, घसा खरवडून काढला तर उचल तो आधी. प्रेमराजनं दगड परत ढिगात टाकला तेव्हा तर नानांना असा ठसका लागला, की मयुरी पाणी घेऊन आली. तासाभरात डावा खांब उभा राहिला. बोटानं ढकलून बघितला, हलेना! नाना मधूनमधून खालच्या रेतीवरूनही खाकरत होते, पण तिथे प्रेमराजला वाटलं, की म्हाताऱ्याला आता खराच खोकला झाला. हीच त्याची चूक झाली.

खोकला झाला असं भिकुबाईंनाही वाटलं. का त्यांना सगळं कळलं होतं, कोण जाणे. चाळीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याच्या खाकरण्याचा एकूण एक अर्थ ओळखून होत्या. त्या गच्चीवरून खाली आल्या, पदराला हात पुसले, आणि खडीसाखरेचा लिंबाएवढा खडा आणि ज्येष्ठमधाची काडी नानांच्या तोंडात कोंबली.

"खोकानं नही! डोयावर जोर येस, डॉक्टरनी सांगेल शे. खडा इरघळस नही तवलग तोंड उघडं तर मनी शप्पथ शे तुमले!"

एवढं सांगून त्या पुन्हा बिबड्या उलटायला वर गेल्या. आणि हा सगळा प्रकार झाला तेव्हा प्रेमराजचं डोकं टाकीच्या वर, कान पंप आणि पंख्याच्या घरघरीत. त्याला काय कळणार?

त्यानं उजव्या खांबाचा पहिला दगड रेतीवर ठेवला. शांतता. दुसरा ठेवला. शांतता. वा! आपला हात बसला म्हणायचा. तिसरा त्यानं निमुळती बाजू खाली करून ठेवला, मागून चकार शब्द नाही. प्रेमराजची छाती फुगली. आता तो भराभर रचू लागला. मागे खुर्चीत नाना लालबुंद झाले होते, एक गाल खड्यानं फुगलेला, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरलेले, पण बायकोची शप्पथ! प्रेमराजनं मग सगळ्यांत मोठा, चपटा दगड घेतला, दोन्ही खांबांवर आडवा टाकला, आणि हात न काढताच मान वळवून विचारलं, "काय नाना?"

पंपाच्या धारेनं उजव्या खांबाखालची रेती केव्हाच पोखरली होती. खांब हळूच कलला. मोठा दगड सरकला, काचेच्या दिशेनं निघाला, आणि प्रेमराजनं तो दोन्ही हातांनी कसाबसा अडवला. आता एका हातावर कमानीचा भार, दुसऱ्या हातानं खांब धरलेला, छाती टाकीच्या कडेवर, नाकाशी खारं पाणी. हात काढावा तर दगड काचेवर, काच फुटली तर दोनशे लिटर समुद्र हॉलमध्ये, आणि टाकी उरली तर तिच्यात गहू.

फट् असा आवाज झाला. खडीसाखरेचा खडा समोरच्या भिंतीवर आदळला होता.

"आरे गधडा!" नाना गरजले. "सोडू नको! हात हलावू नको! रेतीवर कोनी पाया घालस का? तुना डोकामा काय भुसा भरेल शे? डावा हात खाले ने. खाले म्हनी राहिनू ना, खाले! वर काय देखस, तठे काय देव बठेल शे?"

मयुरी स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थिजली. गच्चीवरून भिकुबाई दोन दोन पायऱ्या टाकत उतरल्या.

"आहो! जवाई शेत ते!" त्यांनी कपाळावर हात मारला. "अधिक महिना चालू शे! नारायणले गधडा म्हनतस!"

झालं! नाना गप. आवेश गेला, खांदे पडले. त्यांनी चष्मा सारखा केला, हात जोडले, आणि पुस्तकातल्या मराठीत म्हणाले, "माफ करा जवाईबापू. तोंडातून गेलं. आपण करताय ते बरोबरच..."

"नाना!" प्रेमराज टाकीतूनच ओरडला. त्याचे दंड थरथरत होते, मिशीला मीठ लागलं होतं. "बरोबर म्हणालात ना, तर देवाशपथ हात सोडतो! फुटू द्या काच!"

"सोडू नका!" मयुरी किंचाळली. "सोफ्याखाली एक्स्टेन्शन बोर्ड आहे!"

"मग ह्यांना बोलायला सांग!" प्रेमराजचा आवाज चिरकला. "आठ वर्षं झाली! मी उलटा नळ बसवला तरी झकास, गटारीत पडलो तरी झकास! मी काय पाहुणाच राहायचं का जन्मभर? मला चुकलं म्हणणारं कोणी नाही नाना. मला सांगा ना हो!"

बोलून गेला आणि स्वतःच चपापला. भिकुबाई पदराचा शेव बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांना हे ऐकून कसंनुसं झालं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण कायदा मोडायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

नानांनी जावयाकडे पाहिलं. नव्या डोळ्यानं पाहिलं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "तू वर जाय. बिबड्यास्ले कावळा लागनात व्हतीन."

"पन..."

"जाय म्हन ना!"

भिकुबाई गेल्या. नानांनी खुर्ची टाकीशी ओढली आणि मोकळ्या गळ्यानं सुरुवात केली.

पुढचे तीन तास गल्लीला करमणूक झाली. आधी मोठा दगड उतरवला. मग प्रेमराजनं ठिबकची नळी लावून पाणी ड्रममध्ये घेतलं, रेती उपसून घमेल्यात काढली, आणि टाकीचा तळ उघडा केला. "पाया घट जागावर. रेती नंतर, भोवते भोवते," नाना सांगत होते. "रुंद दगड खाले. तीन ठिकानं टेकना पाह्यजे, दोन नहीत. उचलू नको! आधी देख. देखना का? आते उचल. आरे तो नही, त्याना बाजूना!" प्रेमराज शिव्या खात होता आणि दगड बसत होते. बेचाळीस अंश उष्म्यात त्याच्या अंगावर शहारे येत होते.

खांब झाले, कमान झाली, हलवून पाहिली तर जागची हलेना. तेव्हा नाना खूश होऊन म्हणाले, "आते दगडन्या चिपा आन. बारीक बारीक. बठ्ठ्या फटी बुजाई टाकूत, मुंगी जावाले नको."

दोन चिपा बसवल्या आणि प्रेमराजचा हात थांबला. फटी बुजवल्या तर पाणी खेळणार कसं? मागे घाण साचेल, जंतू गुदमरतील, माशांना लपायला कपार राहणार नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण समोर दीडशे विहिरींचा बाप बसलेला, आणि तीन तासांपूर्वी मिळालेलं हे सगळं! क्षणभर त्याच्या जिभेवर झकासच आलं.

"नाना," तो म्हणाला, "तुमचं चुकतंय."

मयुरीनं डोळे मिटून घेतले. नानांची मान हळूहळू वळली.

"काय चुकनं?"

प्रेमराजनं सांगितलं. पाणी दगडांच्या मधून वाहायला पाहिजे, ते अडलं की टाकी नासते. फटी म्हणजे इथे भिंतीतली खोट नाही, फटींसाठीच भिंत. नाना ऐकत होते, तोंडातल्या तोंडात ज्येष्ठमधाची उरलेली काडी चघळत. मग त्यांनी टाकीला एक हात लावला.

"विहिरमा बी पाझरले वाट ठेवनी पडस," ते पुटपुटले. "नही त पानी भित लोटी देस." आणि एकदम भडकले. "मंग आधी काबर नही सांगं? दोन चिपा मी बसाडी लिन्यात ना तुनाकडथून! काढ त्या! तोंड शे का नही तुले?"

प्रेमराजनं त्या दोन चिपा काढल्या. हसू आवरत नव्हतं, म्हणून तोंड टाकीतच ठेवलं.

संध्याकाळी रेती भोवतीनं पसरली, पाणी परत भरलं, पंप लावला. धार कमानीखालून गेली, रेतीचा दाणा उडाला, दगड जागचा हलला नाही. मासे यायला अजून महिना होता, आधी दगडांत जंतू रुजून पाणी पिकायला पाहिजे. पण मयुरीनं गव्हाला दुकानातून नवी कोठी आणली, ह्यातच काय ते आलं. एकादशीला भिकुबाईंनी जावयाला पाटावर बसवून रीतसर वाण दिलं आणि गधड्याबद्दल देवापुढे वेगळं नाक घासलं.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी डोळा पास केला. प्रेमराज दोघांना सोडायला एसटी स्टँडवर गेला. भडगावची गाडी लागली होती, ही गर्दी, खिडकीतून रुमाल टाकणारे टाकताहेत. त्याच्या ऑफिसातले दोघेजण तिथेच उभे होते, त्यांनी नमस्कार केला, "काय साहेब!" म्हणाले. प्रेमराजनं साहेबासारखी मान हलवली आणि भिकुबाईंची बिबड्यांची पिशवी एका बंदाला धरून उचलली.

"आरे, थैली अशी धरस का?" नाना गाडीच्या पायरीवरून भर स्टँडवर ओरडले. "बंद तुटी जाई ना! खाले हात लाव! इतला मोठा व्हयना, पिशवी धरता येत नही तुले!"

ऑफिसातले दोघे बघतच राहिले. भिकुबाईंनी तोंडावर पदर घेतला. प्रेमराजनं मुकाट्यानं पिशवीला खालून हात लावला. नाना समाधानानं गाडीत चढले, खिडकीपाशी बसले, चष्मा नीट करून बाहेर डोकावले.

प्रेमराजनं खालचा हात काढला आणि पिशवी पुन्हा एका बंदाला धरली.